विश्वाची मोजपट्टी : रूपविकारी तारे



दसरा उलटला, पावसाळी ढग ओसरले, की वऱ्हाडातले आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. अशा एखाद्या रात्री अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाहेर, गावातल्या दिव्यांपासून दूर, शेताच्या बांधावर उभे राहा आणि उत्तरेकडे पाहा. क्षितिजापासून सुमारे २१ अंश उंचीवर ध्रुव तारा दिसेल. ध्रुवबाळाची आणि त्याला मिळालेल्या अढळपदाची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. ध्रुव आपली जागा जवळजवळ सोडत नाही, हे खरे आहे. पण त्याचे तेज मात्र अढळ नाही! दर चार दिवसांच्या सुमारास ते किंचित वाढते आणि किंचित कमी होते. हा फरक इतका थोडा आहे, की तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही, उपकरणांना कळतो.

ज्यांचे तेज असे कमीजास्त होते, त्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांतील काही ताऱ्यांनी माणसाला एक फार मोठी गोष्ट शिकवली. जिथे कोणतीही साखळी, कोणतेही यान पोचणार नाही, तिथले अंतर कसे मोजायचे, ही ती गोष्ट. ती आज आपण समजून घेऊ.

अमरावती ते अकोला : एक प्रकाशवर्ष

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एका वर्षात तो जेवढे अंतर कापतो, त्याला प्रकाशवर्ष म्हणतात. हे अंतर सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते. आकडा वाचला, पण डोळ्यांपुढे काही आले का? नाही ना? मग एक नमुना करू.

अमरावती आणि अकोला ही शहरे सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहेत. हे ८० किलोमीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष, असे माना. या प्रमाणात सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतर किती होईल? अवघे सव्वा मीटर! सूर्य एखाद्या रानबोराएवढा होईल. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या नमुन्यात तो अमरावतीहून थेट मालेगावला जाईल. म्हणजे अमरावतीला एक बोर, मालेगावला दुसरे त्याहूनही लहान बोर, आणि मधे सारी मोकळी जागा!

आता प्रश्न असा, की मालेगावचे ते बोर किती लांब आहे, हे अमरावतीतून न हलता कसे कळणार?

टाकलखेड्याचा त्रिकोण

न जाता अंतर मोजण्याची एक युक्ती वऱ्हाडाने दोनशे वर्षांपूर्वी जवळून पाहिली आहे. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने दक्षिण भारतातून उत्तरेकडे देशाची त्रिकोणमितीय मोजणी चालवली होती. ही मोजणी १८२२ च्या सुमारास एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ येऊन पोचली. तिथे सर्वेक्षणाच्या कागदांत ‘टाकलखेडा’ या नावाने नोंदलेल्या ठिकाणी एक पायारेषा मोजण्यात आली.

पायारेषा म्हणजे सपाट जमिनीवर साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजलेली एक सरळ रेषा. तिच्या एका टोकाला कोनमापक यंत्र उभारायचे आणि दूरच्या टेकडीकडे रोखून कोन मोजायचा. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तसेच करायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. टेकडीवर पाऊल न ठेवता तिचे अंतर मिळते! मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा, अशी साखळी पुढे जाते.

पण यात एक धोका आहे. पायारेषा मोजताना चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते. म्हणून काही अंतरावर नवी पायारेषा मोजून आधीच्या गणिताचा पडताळा घेत असत. लॅम्बटन पुढे फार दिवस जगला नाही. १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, नागपूरच्या वाटेवर असताना, त्याचा मृत्यू झाला. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. पायारेषेची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

त्रिकोण कुठे थकतो?

ताऱ्यांची अंतरे मोजायलाही हीच युक्ती वापरतात. हाताचा अंगठा डोळ्यांसमोर लांब धरा. आधी डावा डोळा मिटून पाहा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. दोन डोळ्यांतील अंतर ही इथली पायारेषा होय.

ताऱ्यांसाठी पायारेषा बरीच मोठी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने ती कक्षेच्या दोन टोकांना असते. जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा ताऱ्याची जागा मोजली, की सुमारे ३० कोटी किलोमीटरची पायारेषा मिळते. १८३८ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने या रीतीने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर काढले. ते सुमारे ११ प्रकाशवर्षे आहे.

पण आपला नमुना आठवा. त्यात ही ३० कोटी किलोमीटरची पायारेषा फक्त अडीच मीटर आहे! अडीच मीटरच्या पायारेषेवरून मालेगावचे बोर पाहायचे, म्हणजे कोन किती बारीक असेल याची कल्पना करा. तारा जितका दूर, तितका हा कोन आणखी बारीक. २०१३ साली अवकाशात गेलेल्या आणि २०२५ साली काम संपलेल्या युरोपच्या ‘गाया’ उपग्रहाने ही कला फार पुढे नेली. आपल्या आकाशगंगेतील हजारो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यांचेही पराशय त्याने मोजले. तरी इतर दीर्घिकांपर्यंतच्या लाखो, कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या अंतरापुढे त्रिकोण थकतो. तिथे दुसरी युक्ती हवी.

दिव्याची युक्ती

रात्री शेतात जागलीला बसलेल्या माणसाचा कंदील तुम्हाला दुरून दिसतो. कंदील मंद दिसला, तर त्याची दोन कारणे असू शकतात. एक तर तो खरोखरच मिणमिणता असेल, किंवा दूर असेल. पण तो कंदील तुमच्या हातातल्या कंदिलासारखाच आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असले तर? मग त्याच्या मंदपणावरून अंतर काढता येईल.

त्याचा नियम सोपा आहे. कंदील दुप्पट दूर नेला, तर त्याचा प्रकाश आपल्याला एक चतुर्थांश मिळतो. तिप्पट दूर नेला तर एक नवमांश, दहापट दूर नेला तर एक शतांश. म्हणजे प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

अडचण एवढीच, की तारे एकसारखे नसतात. काही तारे सूर्याहून हजारो पट तेजस्वी, तर काही सूर्याच्या हजाराव्या हिश्शाचे. एखाद्या ताऱ्याकडे पाहून ‘हा किती शक्तीचा दिवा आहे’ हे कसे ओळखायचे? दिव्यावर कोणी आकडा लिहून ठेवला असता, तर काम झाले असते. गंमत अशी, की काही ताऱ्यांवर तो खरोखरच लिहिलेला आहे!

दोन शेजारी, दोन तारे

१७८४ साली इंग्लंडमधील यॉर्क गावात एडवर्ड पिगट आणि जॉन गुडरिक हे दोन मित्र आकाश पाहत असत. गुडरिक लहानपणापासून बहिरा होता. वय अवघे वीस. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पिगटला गरुड तारकासमूहातील ‘ईटा’ नावाच्या ताऱ्याचे तेज बदलताना दिसले. पुढच्याच महिन्यात गुडरिकला वृषपर्वा तारकासमूहातील ‘डेल्टा’ हा तारा तसाच बदलताना आढळला. वृषपर्व्याचे पाश्चात्त्य नाव सेफियस. त्यावरून अशा ताऱ्यांना पुढे सेफीड म्हणू लागले. आपला ध्रुवही सेफीडच आहे.

डेल्टा तारा ५ दिवस ९ तासांत एक फेरा पुरा करतो. तो झरझर उजळतो आणि सावकाश मंदावतो. त्याचे सर्वाधिक तेज सर्वांत कमी तेजाच्या दुपटीहून जास्त असते. गुडरिक १७८६ साली एकविसाव्या वर्षीच वारला. आपल्या ताऱ्यात काय दडले आहे, हे त्याला कळले नाही. ते कळायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

अकोल्याचे दिवे

हेन्रिएटा लेविट ही अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत काम करीत असे. वेधशाळेने दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून घेतलेली आकाशाची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर येत. त्यांतील ताऱ्यांचे ठिपके भिंगातून तपासणे आणि त्यांच्या तेजाची नोंद करणे, हे तिचे काम. तिलाही कमी ऐकू येत असे. १९०८ साली तिने मॅगेलन मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. मॅगेलन मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या दोन लहान शेजारी दीर्घिका. त्या इतक्या दक्षिणेला आहेत, की वऱ्हाडातून त्या जवळजवळ दिसतच नाहीत.

लहान मेघातील २५ सेफीडांचे फेरे तिने काढले. १९१२ साली तिचा निष्कर्ष छापून आला : ज्या सेफीडाचा फेरा लांब, तो अधिक तेजस्वी.

तुम्ही म्हणाल, तेजस्वी दिसणारा तारा जवळ असेल! इथेच तिच्या विचाराची खुबी आहे. समजा, अमरावतीच्या एका उंच जागेवरून तुम्हाला अकोल्याचे दिवे दिसत आहेत आणि मधे काही आड येत नाही. अकोल्यातला एखादा दिवा स्टेशनजवळचा असेल, एखादा किल्ल्याजवळचा. पण ८० किलोमीटरपुढे त्या एकदोन किलोमीटरांची काय मातब्बरी? सगळे दिवे तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, असे मानायला हरकत नाही. मग जो दिवा प्रखर दिसेल, तो खरोखरच प्रखर असला पाहिजे. लहान मेघ म्हणजे लेविटचे अकोलाच होय!

म्हणजे सेफीडाचा फेरा किती दिवसांचा आहे, हे घड्याळ आणि दिनदर्शिका घेऊन मोजा, की दिव्याची शक्ती कळली. दिव्यावरचा आकडा तो हाच.

तारा श्वास का घेतो?

चुलीवर भाताचे पातेले उकळताना पाहिले असेल. वाफ कोंडते, झाकण वर उचलले जाते, वाफ निसटते, झाकण खाली बसते, पुन्हा वाफ कोंडते. सेफीडात असेच काहीसे घडते. तिथे झाकणाचे काम हेलियम वायूचा एक थर करतो.

तारा आकुंचन पावला, की हा थर दाबला जाऊन तापतो आणि हेलियमच्या अणूंतून दुसरा इलेक्ट्रॉनही सुटतो. असा हेलियम प्रकाशाला सहज वाट देत नाही. आतली उष्णता कोंडते, दाब वाढतो आणि तारा फुगू लागतो. फुगल्यावर थर निवतो, अणू इलेक्ट्रॉन परत पकडतात, वाट मोकळी होते आणि उष्णता निसटते. दाब उतरला, की ताऱ्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा आत ओढते. मोठ्या घंटेचा नाद खर्जातला आणि लहान घंटेचा बारीक असतो ना? तसाच मोठा, तेजस्वी सेफीड सावकाश स्पंदन पावतो आणि लहान सेफीड लवकर.

देवयानीतील एक ठिपका

आता ही मोजपट्टी वापरून पाहू. डेल्टा तारा आपल्यापासून सुमारे ८९० प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या नमुन्यात हे अंतर ७१ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा! समजा, तेवढ्याच फेऱ्याचा एक सेफीड कोठेतरी सापडला आणि तो डेल्टाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका मंद दिसला. दहा हजाराचे वर्गमूळ १००. म्हणून तो १०० पट दूर, म्हणजे ८९ हजार प्रकाशवर्षांवर आहे. झाले उत्तर!

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल याने माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीतून देवयानी तारकासमूहातील प्रकाशाच्या धूसर पुंजक्याचे छायाचित्र घेतले. हा पुंजका नोव्हेंबरात चिखलदऱ्यासारख्या अंधाऱ्या ठिकाणाहून नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. तो आपल्या आकाशगंगेतला वायूचा ढग आहे की स्वतंत्र दीर्घिका, यावर तेव्हा मोठा वाद होता. छायाचित्रातील एक ठिपका हबलला आधी नवतारा वाटला. जुन्या तबकड्यांशी ताडून पाहता तो रूपविकारी ठरला. त्याचा फेरा निघाला सुमारे ३१ दिवसांचा. म्हणजे दिवा फार प्रखर, पण दिसत होता अगदी फिका. हिशेब केला, तर अंतर आले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. एवढे अंतर आपल्या आकाशगंगेत मावणेच शक्य नव्हते. एका ठिपक्याने वाद मिटवला. आकाशगंगा म्हणजे सारे विश्व नव्हे, ती अनेक दीर्घिकांपैकी एक आहे, हे सिद्ध झाले.

चुकलेली पायरी

पण मित्रहो, हबलचे ते ९ लाख बरोबर नव्हते. आज देवयानी दीर्घिकेचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. चूक कोठे झाली? टाकलखेड्याची पायारेषा आठवा.

लेविटच्या नियमावरून एक सेफीड दुसऱ्यापेक्षा किती पट तेजस्वी, एवढेच कळते. एका तरी सेफीडाचे खरे अंतर दुसऱ्या रीतीने काढून पहिली पायरी पक्की करावी लागते. ती पक्की करताना दोन निरनिराळ्या जातींचे तारे एकच समजले गेले होते. शिवाय ताऱ्यांमधल्या धुळीचा हिशेबही धरला नव्हता. उन्हाळ्यातल्या धुरोळ्यात दूरचा दिवा असतो त्याहून मंद आणि तांबूस दिसतो, तसेच अवकाशातही होते.

या चुकीमुळे विचित्र पेच पडला. दीर्घिकांच्या अंतरांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे, तर खडकांच्या अभ्यासावरून पृथ्वीच त्याहून म्हातारी ठरे. आईपेक्षा लेक मोठी! १९५२ साली वॉल्टर बाडे याने सेफीडांच्या दोन जाती वेगळ्या असल्याचे दाखवून दिले आणि दीर्घिकांची सारी अंतरे एकदम दुप्पट झाली. आकाशात काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती आपली पहिली पायरी.

आज सेफीडांची ही पायरी गायाच्या पराशयांवर उभी आहे. हबल अवकाश दुर्बिणीने १९९४ साली सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतील सेफीड मोजले. त्यांच्या आधाराने अतिनवताऱ्यांची पुढची पायरी पक्की होते आणि तिथून विश्वाच्या प्रसरणाचा वेग निघतो. तरी कोडे संपलेले नाही. २०२२ साली या शिडीने दिलेले उत्तर असे : दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटरने वाढतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून ‘प्लांक’ उपग्रहाने मात्र सुमारे ६७ हा आकडा दिला. कोणती पायरी डळमळते आहे, की निसर्गातच काही नवे दडले आहे? शास्त्रज्ञ आजही शोधत आहेत.

आता तुमची पाळी

या शिडीची पहिली पायरी तुम्ही दुर्बिणीशिवाय स्वतः चढू शकता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातला, डोक्यावरून थोडे दक्षिणेकडे श्रवण हा ठळक तारा दिसेल. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा आहे, जणू श्रावणबाळाची कावडच. त्यातला दक्षिणेकडचा, अधिक मंद तारा म्हणजे ‘बीटा’. श्रवणापासून तसेच दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोड्या कमी अंतरावर, पिगटचा ‘ईटा’ तारा आहे. ईटाच्या पश्चिमेला, थोडा खाली, अर्ध्या मुठीवर ‘आयोटा’ हा मंद तारा सापडेल.

ताऱ्याचे तेज ‘प्रती’ने सांगतात. प्रतीचा आकडा मोठा, तर तारा मंद. बीटाची प्रत ३.७ आणि आयोटाची ४.४. रोज रात्री ठराविक वेळी ईटा या दोघांशी ताडून पाहा. बीटाहून ठळक दिसला, तर ३.५ लिहा. दोघांच्या बरोबर मधे वाटला, तर ४.०. आयोटाइतकाच मंद वाटला, तर ४.४. महिनाभर नोंदी ठेवा आणि आलेख कागदावर तारीख आडवी व प्रत उभी घेऊन ठिपके मांडा. ठळकपणाची पहिली आणि चौथी शिखरे यांच्यातील दिवसांना ३ ने भागा. उत्तर ७ दिवस ४ तासांच्या आसपास आले, तर तुमची पाठ थोपटून घ्या.

दोन पथ्ये मात्र पाळा. नोंद करण्यापूर्वी कालची नोंद उघडून पाहू नका, नाही तर डोळा जे हवे तेच पाहील. आणि ढग आले किंवा झोप लागली, तर तो रकाना कोरा सोडा. अंदाजाने भरू नका. कोरा रकाना कोणाचे काही बिघडवत नाही. खोटा आकडा मात्र पायारेषेतल्या चुकीसारखा असतो. तो पुढच्या प्रत्येक उत्तरात शिरतो. यॉर्कच्या त्या बहिऱ्या मुलाने जे पाहिले तेच लिहिले, म्हणून आज आपल्याला देवयानी किती दूर आहे ते सांगता येते.